न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत जड मूलद्रव्यं बनतात, हे प्रकाशाच्या रंगावरून कसं कळलं?

१६ ऑक्टोबर २०१७. त्या दिवशी वसुबारस होती आणि दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. भारतात संध्याकाळचे साडेसात वाजले होते, तेव्हा अमेरिकेत वॉशिंग्टनमध्ये एक पत्रकार परिषद सुरू झाली. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याचं माणसानं पहिल्यांदाच 'ऐकलं' आणि 'पाहिलं'ही, असं शास्त्रज्ञांनी तिथे जाहीर केलं. जगभरच्या बातम्यांमध्ये त्यातली एकच गोष्ट सर्वात जास्त गाजली: सोनं कुठून येतं, हे सापडलं.

ही टक्कर आपल्यापासून सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं दूर झाली होती. तिथला कण काही कुणी उचलून आणला नव्हता. हाती होता तो फक्त उजेड. मग त्या उजेडावरून तिथे जड मूलद्रव्यं तयार झाली हे कसं ओळखलं? आणि सोनं खरंच दिसलं का? समजून घेऊ या.

१७ ऑगस्ट २०१७ला काय घडलं?

भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटांनी अमेरिकेतल्या लायगो आणि इटलीतल्या व्हर्गो या वेधशाळांपर्यंत गुरुत्वीय लहरी पोहोचल्या. लायगोच्या नोंदीत हा संकेत सुमारे १०० सेकंद दिसत होता. या घटनेला तारखेवरून 'जीडब्ल्यू १७०८१७' असं नाव मिळालं. लहरींच्या शेवटानंतर १.७ सेकंदांनी 'फर्मी' या अंतराळ दुर्बिणीला गॅमा किरणांचा छोटा झोत दिसला.

त्या वेळी भारताचा 'अॅस्ट्रोसॅट' उपग्रहही आकाशावर नजर ठेवून होता. मुंबईची टीआयएफआर, पुण्याची आयुका आणि इतर भारतीय संस्थांनी मिळून घडवलेलं 'सीझेडटीआय' हे उपकरण त्यावर आहे. त्याला हा झोत दिसला नाही, कारण त्या क्षणी मध्ये पृथ्वी आली होती. पण न दिसणं हीसुद्धा माहितीच असते. झोत जिथून आला असता तर अॅस्ट्रोसॅटला दिसलाच असता, आकाशाचा तो भाग शोधातून वगळता आला.

लायगो आणि व्हर्गोच्या नोंदींवरून शोधाची जागा सुमारे २८ चौरस अंशांवर आली. पौर्णिमेचा चंद्र आकाशात साधारण ०.२ चौरस अंश जागा व्यापतो. म्हणजे १४० चंद्र मावतील एवढ्या भागात शोधायचं होतं. टकरीनंतर सुमारे ११ तासांनी चिलीतल्या 'स्वोप' या एक मीटर व्यासाच्या दुर्बिणीला वासुकी तारकासमूहातल्या 'एनजीसी ४९९३' या आकाशगंगेजवळ एक नवा ठिपका दिसला. हाच तो उजेड.

टकरीत जड मूलद्रव्यं कशी बनतात?

ताऱ्यांच्या पोटात हायड्रोजनपासून हेलियम, पुढे कार्बन, ऑक्सिजन असं करत लोहापर्यंतची मूलद्रव्यं बनतात. लोहाच्या पुढे अणुकेंद्रं एकत्र आणून ऊर्जा मिळत नाही, उलट खर्च होते. त्यामुळे ही वाट तिथे थांबते.

पुढची वाट न्यूट्रॉनची. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, त्यामुळे अणुकेंद्र त्याला दूर ढकलत नाही. केंद्रानं न्यूट्रॉन गिळत राहायचं आणि काही न्यूट्रॉनचं प्रोटॉनमध्ये रूपांतर झालं की पुढचं मूलद्रव्य बनायचं. सोनं, प्लॅटिनम, युरेनियम यांसारखी मूलद्रव्यं बनण्यासाठी हे फार वेगानं व्हावं लागतं. एक न्यूट्रॉन पचायच्या आत पुढचे अनेक येऊन आदळायला हवेत. याला 'आर-प्रक्रिया' म्हणतात. यातला 'आर' म्हणजे रॅपिड, वेगवान.

एवढे मोकळे न्यूट्रॉन मिळणार कुठे? न्यूट्रॉन ताऱ्यात. सूर्यापेक्षा जास्त वस्तुमान जेमतेम २०-२५ किलोमीटर रुंदीच्या गोळ्यात कोंबलेलं असतं. असे दोन तारे आदळले की त्यातला थोडा माल बाहेर फेकला जातो. २०१७च्या टकरीत तो सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे ५ टक्के होता, असा अंदाज आहे. ऐकायला कमी वाटेल, पण ते सोळा हजारांहून अधिक पृथ्व्यांएवढं वजन आहे.

मग उजेड कुठून येतो?

आर-प्रक्रियेत बनलेली बहुतेक केंद्रं अस्थिर असतात. ती किरणोत्सर्ग करत स्थिर होत जातात आणि त्यातून निघणारी उष्णता बाहेर फेकलेल्या मालाला तापवत राहते. तापलेला माल उजेड देतो.

ली-शिन ली आणि बोहदान पाचिन्स्की यांनी १९९८मध्ये असा उजेड दिसायला हवा, असं भाकीत मांडलं. २०१०मध्ये ब्रायन मेट्झगर आणि सहकाऱ्यांनी तो किती प्रखर असेल याचं गणित केलं. साध्या 'नोव्हा'पेक्षा तो सुमारे हजार पट प्रखर निघाला, म्हणून नाव पडलं 'किलोनोव्हा'. किलो म्हणजे हजार.

पण या पहिल्या गणितांमध्ये एक गोष्ट सोयीसाठी गृहीत धरली होती. बाहेर पडलेला माल प्रकाशाला साधारण लोहाइतकाच अडथळा करेल, असं ते गृहीतक होतं. तसं असतं तर उजेड दिवसभरात कळसाला पोहोचला असता आणि निळसर दिसला असता. २०१३मध्ये डॅनियल केसन, जेनिफर बार्न्स आणि सहकाऱ्यांनी, तसंच जपानमध्ये मासाओमी तनाका आणि केन्ता होतोकेझाका यांनी हे गृहीतक तपासलं. गणित बदललं. त्याला कारण होतं लँथेनाइड.

लँथेनाइड प्रकाशाला का अडवतात?

आवर्तसारणीच्या तक्त्यात खाली वेगळी काढलेली ओळ शाळेत पाहिलेली आठवते? त्यातल्या वरच्या ओळीत अणुक्रमांक ५७ ते ७१ अशी १५ मूलद्रव्यं असतात. लँथेनम, सिरियम, नियोडिमियम वगैरे. हेच लँथेनाइड. तुमच्या इअरफोनमधलं छोटंसं चुंबक बहुधा नियोडिमियमचंच असतं.

अणू प्रकाश कसा शोषतो? अणूतले इलेक्ट्रॉन ठरावीक पायऱ्यांवरच बसू शकतात. एका पायरीवरून दुसरीवर उडी मारायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्याच ऊर्जेचा, म्हणजे तेवढ्याच रंगाचा प्रकाश तो अणू शोषतो. अशा प्रत्येक उडीची वर्णपटात एक काळी रेघ पडते. उड्या जितक्या जास्त प्रकारच्या, तितक्या रेघा जास्त.

लोहाच्या कुटुंबातल्या अणूंत ही उलाढाल 'डी' कवचात होते. त्यात १० जागा असतात. लँथेनाइडमध्ये ती 'एफ' कवचात होते, तिथे १४ जागा. फरक फक्त चार जागांचा आहे. पण १० खुर्च्यांवर ५ जणांना बसवण्याचे प्रकार २५२ होतात, तर १४ खुर्च्यांवर ७ जणांना बसवण्याचे ३,४३२. उडी म्हणजे एका मांडणीतून दुसरीत जाणं. त्यामुळे संभाव्य जोड्या मोजायच्या तर या आकड्यांचा वर्ग घ्यावा लागतो. पहिल्या बाबतीत सुमारे ६३ हजार, दुसऱ्या बाबतीत एक कोटीहून जास्त. निसर्गाचे नियम यातल्या सगळ्याच उड्यांना परवानगी देत नाहीत, त्यामुळे हा हिशोब ढोबळ आहे. पण लँथेनाइडच्या रेघा इतक्या दाट का असतात, ते यावरून कळतं.

त्यात आणखी एक भर पडते ती वेगाची. टकरीतून बाहेर पडलेला माल प्रकाशाच्या वेगाच्या १० ते ३० टक्के वेगानं, म्हणजे सेकंदाला ३० ते ९० हजार किलोमीटर या गतीनं पसरत असतो. प्रकाशकण त्यातून बाहेर येताना त्याला भेटणारा प्रत्येक पुढचा थर वेगळ्या वेगानं पळत असतो. त्या थराच्या दृष्टीनं प्रकाशाचा रंग किंचित लालीकडे सरकलेला असतो. म्हणजे प्रकाशकण एका रेघेतून निसटला, तरी थोडं पुढे गेल्यावर तो दुसऱ्या रेघेच्या रंगाशी जुळतोच. रेघा विरळ असत्या तर मधल्या मोकळ्या जागेतून तो निघून गेला असता. लँथेनाइड असतील तर मोकळी जागाच उरत नाही.

परिणामी लोहासारख्या मालापेक्षा लँथेनाइड मिसळलेला माल १० ते १०० पट अपारदर्शक होतो. त्यासाठी सगळा माल लँथेनाइडचा असावा लागत नाही. एकूण वजनाच्या एक टक्का असले तरी पुरतात.

अडकलेला निळा उजेड लाल होऊन कसा निघतो?

वाघोलीहून रोज सकाळी नगर रोडनं खराडी किंवा विमाननगर गाठणाऱ्यांना हे पटकन समजेल. समजा भरलेली बस केसनंद फाट्याजवळ कोंडीत अडकली. बस काही हलत नाही. मग उतारू खाली उतरतात. कुणी रिक्षा करतं, कुणी ओळखीच्याच्या दुचाकीवर मागे बसतं, आणि आतल्या गल्ल्यांतून पुढे निघतात. माणसं पोहोचतात, बस पोहोचत नाही.

किलोनोव्हात निळा प्रकाशकण म्हणजे ती बस. त्याच्याकडे ऊर्जा जास्त असते, पण निळ्या आणि अतिनील भागात रेघांची सर्वात जास्त गर्दी आहे. अणू तो शोषून घेतो आणि तीच ऊर्जा कमी ऊर्जेच्या अनेक कणांमध्ये वाटून बाहेर टाकतो. हे कण लाल किंवा त्याच्याही पलीकडच्या अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड भागातले असतात. तिथे रेघा तुलनेनं विरळ, म्हणून ते बाहेर पडू शकतात.

संध्याकाळी सूर्य लाल दिसतो, त्याहून हे वेगळं आहे. तिथे हवा आणि धूळ निळा प्रकाश बाजूला विखुरतात आणि लाल तेवढा आपल्यापर्यंत सरळ येतो. इथे निळा प्रकाश अणूंत शिरतो आणि त्याचं रूपांतरच होतं.

कोंडीचा दुसरा परिणाम म्हणजे उशीर. उजेड कळसाला पोहोचायला लागणारा वेळ अपारदर्शकतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. अडथळा १०० पट झाला की वेळ साधारण १० पट होतो. दिवसाभराचं काम आठवड्यावर जातं. तोवर माल पसरून थंड झालेला असतो आणि किरणोत्सर्गही ओसरलेला असतो, म्हणून उजेड मंदही दिसतो.

थोडक्यात, २०१३चं भाकीत असं होतं: किलोनोव्हा लवकर येऊन निळा दिसला, तर लँथेनाइड जवळपास नाहीत. उशिरा येऊन लाल किंवा अवरक्त दिसला, तर लँथेनाइड आहेत.

२०१७मध्ये कोणता दिसला?

दोन्ही.

पहिल्या रात्री तो ठिपका निळा होता. दोन-तीन दिवसांत निळा उजेड झपाट्यानं ओसरला. अवरक्त उजेड मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ दिसत राहिला. एकाच प्रकारच्या मालातून अशी दोन रूपं निघत नाहीत. त्यामुळे बहुतेक शास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला की, या टकरीतून निदान दोन प्रकारचा माल बाहेर पडला.

निळ्या उजेडाच्या मालात लँथेनाइडचं प्रमाण दहा हजारांत एक भाग किंवा त्याहून कमी होतं. लाल उजेडाच्या मालात ते साधारण शंभरात एक भाग होतं. हा फरक न्यूट्रॉनच्या संख्येवर ठरतो. टकरीच्या वेळी प्रचंड प्रमाणात न्यूट्रिनो बाहेर पडतात. ते काही न्यूट्रॉनचं प्रोटॉनमध्ये रूपांतर करतात. ज्या मालावर न्यूट्रिनोंचा असा मारा जास्त होतो, तिथे न्यूट्रॉन कमी पडतात आणि आर-प्रक्रिया लँथेनाइडपर्यंत पोहोचण्याआधीच थांबते.

'उजेड अडला' हाच इथे पुरावा ठरला. लँथेनाइड स्वतः चमकून दिसले नाहीत. त्यांनी धरलेल्या पडद्यामुळे ते ओळखू आले.

मग सोनं दिसलं का?

नाही. २०१७च्या वर्णपटात सोन्याची म्हणून ओळखता येईल अशी रेघ कुणालाही मिळालेली नाही. बातम्यांमधलं 'सोनं सापडलं' हे अनुमान होतं. आर-प्रक्रिया लँथेनाइडपर्यंत गेली असेल, तर ती पुढे सोनं-प्लॅटिनमपर्यंतही गेली असावी, असं ते अनुमान. त्याला आधार भक्कम आहे, पण अनुमान आणि प्रत्यक्ष ओळख यांत फरक करायला हवा.

वेगवान मालात रेघा रुंदावतात आणि एकमेकींत मिसळतात, म्हणून एकेक मूलद्रव्य वेगळं काढणं अवघड जातं. तरीही काहींची ओळख पटली आहे. डॅराक वॉटसन आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये त्याच वर्णपटात स्ट्रॉन्शियम असल्याचं दाखवलं. २०२२मध्ये जपानी गटानं अवरक्त भागातल्या खुणा लँथेनम आणि सिरियमशी जुळवल्या. २०२३मध्ये दिसलेल्या एका गॅमा किरण स्फोटानंतर जेम्स वेब दुर्बिणीला टेल्युरियमची खूण मिळाली.

अडचण फक्त दुर्बिणींची नाही. लँथेनाइडच्या लाखो रेघा प्रयोगशाळेत एकेक करून मोजणं सोपं नाही, म्हणून बऱ्याच रेघा संगणकावरच्या गणितातून काढाव्या लागतात. ते आकडे बदलले की अपारदर्शकता बदलते आणि टकरीत किती जड माल बनला, हा अंदाजही बदलतो.

नारायणगावजवळच्या जीएमआरटीनं काय पाहिलं?

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्यांनी ही घटना टकरीनंतर सातव्या दिवसापासून सुमारे दीडशे दिवसांपर्यंत निरखली.

मात्र हा रेडिओ प्रकाश किलोनोव्हाचा नव्हता. टकरीतून सुटलेला अतिवेगवान झोत आसपासच्या विरळ वायूवर आदळल्यामुळे तो निर्माण झाला होता. त्यामुळे लँथेनाइडच्या पडद्याचा त्याच्याशी संबंध आला नाही. किलोनोव्हा विझून गेल्यावरही हा रेडिओ प्रकाश वाढतच होता. सुमारे पाच महिन्यांनी तो कळसाला पोहोचला. एकाच टकरीतून निघणारे वेगवेगळे प्रकाश वेगवेगळी गोष्ट सांगतात. अवरक्त प्रकाश सांगतो काय बनलं. रेडिओ सांगतो झोत कसा सुटला.

हिंगोलीचा इथे काय संबंध?

२५ एप्रिल २०१९ला न्यूट्रॉन ताऱ्यांच्या आणखी एका टकरीच्या लहरी आल्या. पण तेव्हा लायगोच्या दोनपैकी एकच वेधशाळा चालू होती आणि व्हर्गोला संकेत फारच क्षीण मिळाला. शोधाची जागा आठ हजार चौरस अंशांहून मोठी, म्हणजे आकाशाचा जवळपास पाचवा भाग. ही टक्कर सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षं, म्हणजे आधीच्यापेक्षा बरीच दूरही होती. तिचा उजेड कुणालाच सापडला नाही. लहरी मिळाल्या, पण तिथे लँथेनाइड बनले की नाही, हे कळलंच नाही.

लहरी टिपणाऱ्या वेधशाळा जितक्या जास्त आणि एकमेकींपासून जितक्या दूर, तितकी जागा नेमकी सापडते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणारी लायगो-इंडिया त्यासाठीच महत्त्वाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांब असतील.

या विषयात पुण्याचं काम जुनं आहे. गोंगाटाच्या नोंदीतून गुरुत्वीय लहरींचा ओळखीचा आकार कसा शोधायचा, याच्या गणिती पद्धतींवर आयुकात संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच काम केलं होतं.

जागा कळल्यावर पटकन दुर्बीण वळवायला हवी, कारण निळा उजेड एक-दोन दिवसच टिकतो. लडाखमध्ये हानले इथे आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था 'ग्रोथ-इंडिया' ही ०.७ मीटरची स्वयंचलित दुर्बीण चालवतात. अचानक उजळणाऱ्या अशा घटनांचा पाठलाग करणं हेच तिचं काम. हानलेलाच दोन मीटरच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीवर टीआयएफआरनं बनवलेलं अवरक्त वर्णपटमापक बसवलेलं आहे.

सगळं सोनं अशाच टकरींतून येतं का?

हा प्रश्न अजून सुटलेला नाही. काही शास्त्रज्ञांच्या मते वेगानं फिरणाऱ्या महाकाय ताऱ्यांच्या कोसळण्यातूनही जड मूलद्रव्यं बनतात. अतिप्रबळ चुंबकीय क्षेत्र असलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यांना मॅग्नेटार म्हणतात. डिसेंबर २००४मध्ये अशाच एका ताऱ्याच्या प्रचंड भडक्यातून जड मूलद्रव्यं बनल्याची चिन्हं दिसतात, असं २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हटलं आहे. आपल्या आकाशगंगेतल्या अशा मूलद्रव्यांपैकी १ ते १० टक्के वाटा मॅग्नेटारच्या भडक्यांचा असू शकतो, असा त्यांचा अंदाज आहे.

लहरी आणि किलोनोव्हाचा उजेड हे दोन्ही एकत्र मिळालेली, नीट अभ्यासलेली टक्कर २०१७चीच. एका टकरीवरून विश्वातल्या सगळ्या सोन्याचा हिशोब मांडणं घाईचं ठरेल. तेव्हा यापुढे न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची बातमी आली, तर तीन गोष्टी शोधा. उजेड किती तासांत सापडला? अवरक्त प्रकाश किती दिवस टिकला? आणि कोणत्या मूलद्रव्याची रेघ प्रत्यक्ष ओळखली गेली? या तिन्हींची उत्तरं बातमीत असतील, तर 'सोनं सापडलं' या मथळ्यात किती तथ्य आहे, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.